खारपाण पट्ट्यातील पाणी, मॅग्नेशियम आणि हृदयाचे आरोग्य

संग्रामपूर तालुक्याच्या उत्तरेस सातपुड्याची रांग उभी आहे आणि दक्षिणेस पूर्णा नदी तापीला मिळण्यासाठी पश्चिमेकडे वाहत जाते. सोनाळा, टुनकी या पायथ्याच्या गावांच्या परिसरात पाणी गोडे असून त्यावर संत्र्याच्या बागा पोसल्या जातात. तेथून पूर्णेच्या दिशेने उतरत गेले की जमीन अधिकाधिक काळी व खोल होत जाते, विहिरीच्या पाण्याची चव पालटते, आणि पुढे तर ते पाणी तोंडात धरवत नाही. हाच खारपाण पट्टा होय. अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून त्याचा विस्तार सुमारे ४.७ लाख हेक्टर आहे. या पट्ट्यात ओलिताने जमीन बिघडते म्हणून शेतकरी कापूस, तूर, मूग, हरभरा ही पिके बहुधा पावसाच्या ओलीवरच घेतो. परंतु जे पाणी जमिनीस चालत नाही, ते पाणी माणसे मात्र पिढ्यान् पिढ्या पीत आली आहेत.

या पाण्यात विरघळलेल्या क्षारांपैकी एक मॅग्नेशियमचा आहे. हे नाव कापूस पिकविणाऱ्यास नवे नाही. कपाशीवर लाल्या दिसू लागला की मॅग्नेशियम सल्फेटची फवारणी करण्याचा सल्ला सहायक कृषि अधिकारी देतात, कारण पानातील हरितद्रव्याच्या प्रत्येक कणाच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू असतो व तो कमी पडला की पानाचा हिरवेपणा टिकत नाही. तेच मूलद्रव्य माणसाच्या हृदयाच्या ठोक्यास व रक्तवाहिन्यांच्या लवचिकपणास आवश्यक आहे. या गोष्टीचा बोलबाला अलीकडे वाढल्यामुळे खेड्यांत दोन समजुती पसरू लागल्या आहेत. कोणी म्हणतो, खाऱ्या पाण्यात मॅग्नेशियम असते, तेव्हा ते हृदयास हितकारकच असणार. दुसरा कोणी छातीत धडधडले की दुकानातून मॅग्नेशियमच्या गोळ्या घेऊन येतो. पहिली समजूत सोडियमला विसरते, दुसरी मूत्रपिंडास विसरते. खारपाण पट्ट्यात या दोहोंपैकी कशाचाही विसर पडणे धोक्याचे आहे.

शरीरातील कार्य

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे २५ ग्रॅम मॅग्नेशियम असते. त्यातील निम्म्याहून अधिक हाडांत, उरलेले बहुतेक स्नायूंत व इतर पेशींत असते. रक्तात जेमतेम शेकडा १ भाग असतो. म्हणून रक्ताची तपासणी निर्दोष आली तरी शरीराचे कोठार भरलेलेच आहे असे खात्रीने म्हणता येत नाही. जमिनीच्या वरच्या थरातील ओल पाहून खालच्या थराचा अंदाज बांधण्यासारखेच ते आहे.

हृदय हा एक स्नायू आहे. स्नायू आकुंचन पावतो तो पेशीत कॅल्शियम शिरल्यामुळे, आणि सैल पडतो तो कॅल्शियम बाहेर काढले गेल्यामुळे. मॅग्नेशियम कॅल्शियमच्या या प्रवेशावर नियंत्रण ठेवते. रक्तवाहिन्यांच्या भिंतीतही बारीक स्नायू असतात. मॅग्नेशियम पुरेसे असले की ते योग्य वेळी सैल पडतात, वाहिनी रुंद राहते आणि रक्तदाब आटोक्यात राहण्यास मदत होते. याखेरीज पेशीतून सोडियम बाहेर टाकणारी व पोटॅशियम आत घेणारी जी यंत्रणा आहे, तीही मॅग्नेशियमवाचून चालत नाही. मॅग्नेशियम फार घटले तर पोटॅशियमही घटते, आणि मग हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडते. अशा रुग्णास नुसते पोटॅशियम देऊन भागत नाही. आधी मॅग्नेशियमची तूट भरून काढावी लागते.

असा तुटवडा सहसा अन्नाच्या साध्या उणिवेने एकाएकी येत नाही. दीर्घकाळ चालणारी हगवण, दारूचे व्यसन, आटोक्यात नसलेला मधुमेह, लघवी वाढविणारी औषधे आणि आम्लपित्तावरील काही गोळ्यांचे वर्षानुवर्षे सेवन ही त्याची नेहमीची कारणे होत.

पाणी व हृदय यांचा संबंध कसा लक्षात आला

या संशोधनाचा प्रारंभ शेतीच्या प्रयोगशाळेतून झाला, हे कृषि विस्ताराचे काम करणाऱ्यांस ऐकून समाधान वाटेल. जपानमधील जुन कोबायाशी हे कृषि रसायनशास्त्रज्ञ ओलितासाठी योग्य पाणी कोणते हे ठरविण्याकरिता देशभरच्या नद्यांचे पाणी तपासत होते. ते करीत असता पाण्याचा रासायनिक गुण आणि पक्षाघाताने होणारे मृत्यू यांचा भौगोलिक मेळ बसतो, असे त्यांना आढळले. त्यांचा लेख १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर १९६० मध्ये अमेरिकेत व १९६१ मध्ये इंग्लंडमध्ये जड पाण्याच्या शहरांतून हृदयविकाराचे मृत्यू तुलनेने कमी आहेत, असे निष्कर्ष निघाले. पाण्याचा जडपणा म्हणजे त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम. पुढील अनेक पाहण्यांत या दोहोंपैकी मॅग्नेशियमचा संबंध अधिक सातत्याने दिसून आला. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली या विषयावर स्वतंत्र ग्रंथ प्रकाशित केला.

तथापि दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरते असे नव्हे. हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णांना शिरेतून मॅग्नेशियम दिल्यास मृत्यू कमी होतात, असे १९९२ च्या एका प्रयोगात दिसले होते. परंतु १९९५ साली ५८,००० हून अधिक रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीत तो लाभ मुळीच आढळला नाही. तोंडाने घेतलेल्या मॅग्नेशियमच्या ३४ चाचण्या २०१६ मध्ये एकत्र करून पाहण्यात आल्या, तेव्हा रक्तदाब सरासरीने केवळ २ मिलिमीटर उतरल्याचे दिसले. उलटपक्षी, रक्तदाबाच्या रुग्णांनी रोजच्या आहारातील मीठ चार-साडेचार ग्रॅमने कमी केले असता वरचा दाब सुमारे ५ मिलिमीटर उतरतो. म्हणजे मॅग्नेशियमची मदत खरी असली तरी ती हलकी आहे, आणि सोडियमचा भार तिच्याहून जड आहे.

खाऱ्या पाण्याचा हिशेब

खारपाण पट्ट्यातील पाणी इंग्लंडातील जड पाण्यासारखे नाही. तेथील पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम असते, सोडियम थोडे. येथील पाण्यात मॅग्नेशियमच्या जोडीला सोडियम मोठ्या प्रमाणात असते. पूर्णेच्या खोऱ्यातील जमिनीतही हीच जोडी आढळते. खोल थरांत चुना खड्यांच्या रूपाने साचून बसतो, चिकणमातीच्या कणांना सोडियम व मॅग्नेशियम चिकटून राहते, आणि त्यामुळे पाणी खाली मुरत नाही. जमिनीत मॅग्नेशियम हे सोडियमचे साथीदार होते, तर शरीरात ते त्याचे विरोधक असते. निसर्गाचा हा विनोदच म्हणावयाचा.

हिशेब असा मांडता येईल. समजा, एखाद्या विहिरीच्या एक लिटर पाण्यात ६० मिलिग्रॅम मॅग्नेशियम व ५०० मिलिग्रॅम सोडियम आहे. वैशाखात शेतावर राबणारा माणूस दिवसाकाठी सहज ४ लिटर पाणी पितो. त्यास पाण्यातून २४० मिलिग्रॅम मॅग्नेशियम मिळाले, ही जमेची बाजू झाली. परंतु त्याच पाण्यातून २,००० मिलिग्रॅम सोडियमही पोटात गेले. ते ५ ग्रॅम मिठाइतके होते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने सबंध दिवसाच्या मिठाची मर्यादाच मुळी ५ ग्रॅमहून कमी सांगितली आहे. भाजी, ठेचा, लोणचे, पापड यांतील मीठ याखेरीज वेगळे. घामावाटे काही मीठ निघून जाते हे खरे, पण घरी बसलेल्या वृद्धास किंवा गरोदर स्त्रीस तो आधार नाही.

या बाबतीत बांगला देशाच्या किनाऱ्याचा अनुभव उद्बोधक आहे. तेथेही लोकांना खारट भूजल प्यावे लागते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत कोरड्या ऋतूत, जेव्हा पाणी अधिक खारट होते तेव्हा, गरोदर स्त्रियांत रक्तदाब वाढण्याचे प्रमाण अधिक आढळले. परंतु २०१९ च्या दुसऱ्या एका अभ्यासात सौम्य खारट पाणी पिणाऱ्यांचा रक्तदाब गोडे पाणी पिणाऱ्यांपेक्षा किंचित कमी निघाला, आणि त्याचे श्रेय संशोधकांनी पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमला दिले. यावरून कोणी खाऱ्या पाण्याची भलावण करू नये. एवढेच समजावे की ‘खारे’ या एका शब्दाखाली नाना तऱ्हेची पाणी येतात, आणि कोणत्या विहिरीत कोणता क्षार किती आहे हे जाणल्यावाचून तिच्याविषयी मत देणे व्यर्थ आहे.

येथेच गावोगाव मिळणारे टीडीएसचे छोटे यंत्र अपुरे पडते. ते एकूण क्षारांचा आकडा दाखविते, पण त्यांत सोडियम किती व मॅग्नेशियम किती हे सांगत नाही. बाजारात गाठोडे वजन करून घ्यावे आणि आत कापूस आहे की सरकी हे पाहूच नये, असा तो प्रकार होय. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात एकूण क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्यावेत. मॅग्नेशियमसाठी याच मर्यादा अनुक्रमे ३० व १०० मिलिग्रॅम आहेत. मॅग्नेशियम व सल्फेट दोन्ही जास्त असलेले पाणी कडवट लागते व नव्या माणसास त्याने जुलाब होतात. लग्नाला आलेल्या पाहुण्यांचे पोट बिघडते ते नेहमी जेवणामुळेच असे नाही.

ओलिताच्या पाण्याची तपासणी करताना सोडियम आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम यांचे गुणोत्तर काढण्याची पद्धत कृषि खात्यात जुनी आहे. हे गुणोत्तर जमिनीसाठी आहे, प्रकृतीचा दाखला म्हणून ते वापरता येणार नाही. परंतु ज्या तपासणीतून ते निघते तिच्यात सोडियमचा आकडा असतोच. आपल्या विहिरीचा असा कागद ज्या शेतकऱ्याच्या घरी पडून असेल, त्याने तो रक्तदाबाच्या तपासणीस जाताना डॉक्टरांना अवश्य दाखवावा.

स्वयंपाकघरातील सोडा

जड पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, हे या भागातील प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम डाळीच्या पेशींना बांधून ठेवतात, त्यामुळे दाणा कडक राहतो. त्यावर उपाय म्हणून चिमूटभर, आणि कित्येकदा चमचाभर, खाण्याचा सोडा टाकला जातो. सोड्यात चौथाईहून अधिक भाग सोडियमचा असतो. ५ ग्रॅम सोड्यातून १,३०० मिलिग्रॅमहून जास्त सोडियम वरणात उतरते, व ब जीवनसत्त्वांपैकी थायमिनही नाहीसे होते. म्हणजे पाणी मुळातच खारे आणि त्यात हा वाढावा. डाळ आदल्या रात्री भिजत घालणे व ती शिजविण्यापुरते तरी गोडे पाणी राखून ठेवणे हा याहून चांगला मार्ग आहे. घरात गोड्या पाण्याचा एकच हंडा येत असेल तर तो पिण्यास व वरण-भातास वापरावा, भांडी खाऱ्या पाण्याने घासावीत.

पाणी उकळल्याने जंतू मरतात, क्षार जात नाहीत. पाणी आटते तेवढे ते अधिक खारट होते. तुरटीने गाळ बसतो, मीठ बसत नाही. वान नदीवरील धरणाचे सातपुड्यातून आलेले पाणी नळाने ज्या गावी पोहोचते, तेथे ते पिण्यासाठी वापरणे श्रेयस्कर होय. पावसाळ्यात छपराचे पाणी पहिल्या सरी वाहू देऊन, मग गाळून टाक्यात साठविता येते. ज्या गावी यांपैकी काहीच पुरेसे नाही, तेथे लोक आरओ यंत्राचे पाणी कॅनने विकत घेतात. हे यंत्र सोडियम काढून टाकते हा त्याचा गुण, आणि मॅग्नेशियमही जवळजवळ सर्व काढून टाकते ही त्याची उणीव. यास्तव असे पाणी पिणाऱ्या कुटुंबाने मॅग्नेशियमची भरपाई अन्नातून होते किंवा नाही याकडे लक्ष दिले पाहिजे. यंत्रातून बाहेर पडणारे अतिखारट पाणी शेतात किंवा जुन्या विहिरीत सोडण्याची चाल मात्र अत्यंत घातक आहे. ज्या जमिनीत आधीच क्षार मुरले आहेत, तिच्या माथी ते पुन्हा मारले जातात.

ताटातील मॅग्नेशियम

प्रौढ माणसास दररोज अंदाजे ३०० ते ४५० मिलिग्रॅम मॅग्नेशियम लागते. ते मिळविण्यास विहीर लागत नाही. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १३० मिलिग्रॅम, बाजरीत व गव्हाच्या सपिटात नव्हे तर सालासकट दळलेल्या कणकेत सुमारे १२५ मिलिग्रॅम मॅग्नेशियम असते. पॉलिश केलेल्या तांदळात ते अवघे २० मिलिग्रॅमच्या आसपास उरते, आणि मैद्यातही असेच घटते, कारण मॅग्नेशियमचा बहुतेक साठा कोंड्यात व अंकुरात असतो. ३०० ग्रॅम ज्वारीच्या भाकरी खाणाऱ्यास जे ३९० मिलिग्रॅम मिळते, ते तेवढ्याच तांदळातून ६० मिलिग्रॅमवर येते. हे सारे अंगी लागत नाही, साधारणतः तिसऱ्या हिश्श्याइतकेच आतड्यातून शोषले जाते. पण वरील दैनिक गरज ठरविताना तो विचार केलेलाच आहे.

विदर्भात ज्वारीचा पेरा गेल्या काही दशकांत फार घटला. तिची जागा सोयाबीनने घेतली, आणि ताटातील भाकरीची जागा रेशनच्या तांदळाने व चहासोबतच्या बिस्किटाने. गव्हाची पोळी करणाऱ्या घराचे यात मोठे नुकसान नाही. खरी तूट पडते ती दोन्ही वेळ भातावर भागविणाऱ्या मजूर कुटुंबास. अशा घरासाठी एकर-अर्धा एकर ज्वारी घरखर्चापुरती पेरणे परवडण्याजोगे आहे, कडबा जनावरांस मिळतो तो वेगळा. रानडुकरांचा व पाखरांचा त्रास हे ज्वारी सोडण्याचे एक खरे कारण आहे, हे विस्तार कार्यकर्त्यांनी नाकारू नये. शेजारच्या चार-पाच शेतकऱ्यांनी सलग क्षेत्रावर एकदम पेरणी केल्यास राखण सोपी जाते.

ज्वारीची आंबील व मोड आलेले मूग यांत धान्यातील फायटेट हा अडथळा काही अंशी मोडतो आणि मॅग्नेशियम अधिक अंगी लागते. तीळ, शेंगदाणे, सालीसकट हरभरा, फुटाणे, तांदुळजा व इतर पालेभाज्या हे त्याचे आणखी चांगले साठे होत. खारे शेंगदाणे मात्र टाळावेत. एका हाताने दिलेले ते दुसऱ्या हाताने काढून घेतात.

मूत्रपिंडाच्या रुग्णांविषयी

संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांतील कित्येक गावांत मूत्रपिंडाचे विकार जडलेली माणसे आहेत, आणि ही व्यथा वर्षानुवर्षे मांडली जात आहे. वर जे अन्नाविषयी सांगितले ते या रुग्णांना जसेच्या तसे लागू नाही. निरोगी मूत्रपिंड शरीरातील जादा मॅग्नेशियम लघवीवाटे बाहेर टाकते. ते निकामी होऊ लागले की मॅग्नेशियम रक्तात साचते, रक्तदाब फार उतरतो, स्नायू ढिले पडतात आणि हृदयाचे ठोके मंदावत जातात. म्हणून अशा रुग्णाने मॅग्नेशियमच्या गोळ्या स्वतःहून घेऊ नयेत. मॅग्नेशियम असलेली आम्लपित्ताची पातळ औषधे व पोट साफ करणारी औषधेही डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नयेत. डाळी, शेंगदाणे व पालेभाज्या यांत पोटॅशियमही असल्याने त्यांचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावयाचे असते.

फवारणीसाठी आणलेले मॅग्नेशियम सल्फेट औषध म्हणून खाण्याचा प्रकार कोणी करू नये. दवाखान्यात याच नावाचे इंजेक्शन असते व ते गरोदरपणात रक्तदाब वाढून येणाऱ्या झटक्यांवर दिले जाते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, ३३ देशांतील सुमारे १०,००० स्त्रियांवरील चाचणीत त्याने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी झाल्याचे सिद्ध झाले. मोठ्या रुग्णालयात पाठविण्यापूर्वी त्याची पहिली मात्रा प्रशिक्षित परिचारिकेस देता येते. गरोदर स्त्रीचे डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, तोंडावर सूज येणे यांपैकी काहीही दिसले तर आशा कार्यकर्तीने तिला त्याच दिवशी उपकेंद्रात न्यावे.

पाण्याचा नमुना पावसाळ्यापूर्वी एकदा व नंतर एकदा घ्यावा, कारण दोन्ही वेळचे आकडे सारखे नसतात. एक लिटरची स्वच्छ प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने तीन वेळा विसळावी, हातपंप काही वेळ चालवून मग ती काठोकाठ भरावी आणि बाटलीवर गाव, विहिरीचे ठिकाण व तारीख लिहावी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेकडे नमुना पाठविताना सोडियम व मॅग्नेशियम यांचे आकडे वेगवेगळे मिळावेत, अशी मागणी सोबतच्या पत्रात ग्रामपंचायत अधिकाऱ्याने स्पष्ट शब्दांत करावी.